वाटी आणि चौकट

सारंगखेड्याच्या पोस्टमनने तो जाड लिफाफा भाईदासच्या हातात दिला नाही. ओट्याच्या कडेला ठेवून त्यावर एक खडा ठेवला आणि स्वतःची पेन्सिल खिशातच राहू देत, "भाऊ, सहीले तुमनी पेन आना," असे म्हणून तो चार हात लांब उभा राहिला. या वागण्याची भाईदासला सवय झाली होती. राग मात्र रोज नवा येत असे.

सन १९६६ चा पावसाळा सरत आला होता. भाईदास तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. तापीकाठच्या एका गुजर कुटुंबातला तो थोरला मुलगा. धुळ्याला शाळा, पुण्याला कॉलेज, गणितात पहिला वर्ग आणि पुढे मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरी, असा त्याचा प्रवास झाला होता. त्या संस्थेत एक गणकयंत्र होते, आणि बायको पहिल्याच बाळंतपणात गेल्यापासून भाईदासचा संसार म्हणजे ते यंत्रच होते. मग क्षयाने छाती बिघडली. दोन वर्षे आरोग्यधामात काढून, थुंकीत जंतू उरले नसल्याचा दाखला घेऊन तो गावी परतला. दाखला इंग्रजीत होता. गावाला इंग्रजी वाचता येत नव्हते आणि खोकला ऐकू येत होता. घरातही त्याचा पेला वेगळ्या खुंटीला टांगलेला असे, आणि तो तिथे कोणी टांगला हे त्याने कधी विचारले नाही.

संस्थेत तो तपासनीस होता. यंत्राने काय करायचे ते पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. त्या लिखाणाला आज्ञावली म्हणत. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली यंत्रात घालण्यापूर्वी ती कागदावर चालवून पाहणे आणि तिच्यातले दोष शोधणे हे भाईदासचे काम. यंत्राचा वेळ फार मोलाचा मानला जाई, तपासनीसाचा वेळ मोजण्याची कोणाला गरज वाटत नसे. अहवालांवर लिहिणाऱ्यांची नावे येत. तपासनीसाचे नाव एखादी चूक नजरेतून सुटली तरच निघे. भाईदासच्या नजरेतून चूक सुटत नसे, म्हणून त्याचे नाव संस्थेत कधीच निघाले नव्हते.

लिफाफ्यात विभागप्रमुखांचे पत्र होते. संस्थेत नवे यंत्र आले होते. त्यात एक मूळ आज्ञावली सदैव जागी राहून सगळ्यांना कामे वाटून देणार होती, आणि यंत्राला जोडलेल्या प्रत्येक उपकरणासाठी तिच्या हाताखाली एकेक लहान आज्ञावली असणार होती. त्यांपैकी एक, भोके पाडलेली कागदी फीत वाचणाऱ्या उपकरणाची, नमुन्याच्या एका फितीसह सोबत पाठवली होती. ती भाईदासने तपासून द्यावी. पत्राच्या शेवटी, अत्यंत सभ्य शब्दांत, असे म्हटले होते की तपासणी निर्दोष झाल्यास त्याला उन्हाळ्यात पुन्हा कामावर घेता येईल. अन्यथा त्याची जागा आणखी रिकामी ठेवणे कठीण आहे.

ज्या माणसाने इतकी वर्षे निर्दोष काम केले, त्याच्याकडून पुन्हा निर्दोषपणाचा पुरावा मागावा, हे भाईदासला झोंबले. पण त्याने ते पत्र उशीखाली ठेवले. मुंबईला परत जाण्याची ही एकच वाट होती. ती बंद झाली, तर ही खोली, तो पेला आणि चार हात लांब उभा राहणारा पोस्टमन एवढेच त्याच्या वाट्याला उरणार होते.

अडचण एकच होती. आज्ञावली कागदावर चालवायला दोन माणसे लागत. एकाने यंत्र व्हायचे, दुसऱ्याने उपकरण. उपकरणाने फितीवरची अक्षरे एकामागून एक पुढे करायची आणि यंत्राने ती आज्ञावलीत सांगितल्याबरहुकूम घ्यायची. एकच माणूस दोन्ही झाला, तर तो स्वतःच्या सोयीने पुढे सरकतो आणि त्या सोयीत दोष लपून जातात. हा नियम संस्थेत भाईदासनेच घालून दिला होता.

संध्याकाळी धाकटा भाऊ सुकलाल शेतातून आला तेव्हा भाईदासने त्याला विचारले.

"मी उपकरन व्हवू?" सुकलाल हसला. "केयीना बागले पानी देनं शे, ऊस उभा शे. मी आठे बसनू ते तठे इंजिन कोन चालू करी?"

"दिवसातून थोडाच वेळ लागेल."

"भाऊ, तुन्हं ते पुस्तकनं मराठी आयकीसनच मन्हं डोकं दुखस. सिंधुले बसाड ना. सातवी शिकेल शे ती, मन्हापेक्षा दोन बुकं जास्ती."

"ती माझ्यासमोर कशी बसेल?"

"समोर कोन बसाडस? दारआड बसाड."

सिंधुबाई सुकलालची बायको. भाईदास तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि त्या समाजात सून जेठाला तोंड दाखवत नसे, आवाजही ऐकवत नसे. चार वर्षे ती त्या घरात होती, पण भाईदासने तिचा चेहरा कधी पुरता पाहिला नव्हता. त्याला काही सांगायचे झालेच, तर ती घरातल्या मांजरीला, त्याच्या कानावर पडेल अशा बेताने सांगे: "मने, सांग बरं त्यासले, पानी तापनं." भाईदासही उत्तर द्यायचे ते भिंतीला देई. त्याच्या खोलीचे आणि स्वयंपाकघराचे मधले दार आजारामुळे लोटलेलेच असे. लाज आणि रोग या दोन्ही कारणांना ते एकच दार पुरत होते.

सिंधुबाई दारापलीकडे पाट टाकून बसली. फितीवर प्रत्येक अक्षरासाठी आडव्या ओळीत पाच जागा होत्या, कुठे भोक, कुठे कोरी. ती बोटाने जागा चाचपून पाही. भोक असेल तर पळीने पितळी वाटीवर ठोका देई, नसेल तर दाराच्या लाकडी चौकटीवर. पाच ठोके झाले की एक श्वास थांबे आणि पुढचे अक्षर घेई. दाराच्या अलीकडे भाईदास मांडीवर पाटी घेऊन बसे. वाटी, वाटी, चौकट, वाटी, चौकट. तो अक्षर ओळखी, पाटीवर आखलेल्या खणात मांडी, आज्ञावलीची पुढची पायरी वाची आणि करी.

तिचा हात स्वच्छ होता. ठोका कधी अर्धवट पडत नसे. काही दिवसांतच भाईदासला तिच्या लयीची इतकी सवय झाली की सकाळी चहा झाला की त्याचे कान दाराकडे लागत. बायको गेल्यापासून त्याच्यासाठी कोणी रोज ठरल्या वेळी येऊन बसले नव्हते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि त्याने ती बाजूला सारली.

"आळीम्हा लोके इचारी ऱ्हायनात," सुकलाल एकदा जेवताना म्हणाला, "तुमना घरम्हा रोज कसानी पूजा चालस?"

"तू काय सांगितलेस?"

"सांगं, आमना भाऊना आंगम्हा मुंबईना देव येस."

भाईदासला हसू आले, आणि हसण्याचा लगेच खोकला झाला. दारापलीकडे बांगड्या किणकिणल्या. तीही हसत असावी.

आज्ञावलीची रीत साधी होती. उपकरणाकडून आलेले अक्षर एका खणात ठेवायचे. मूळ आज्ञावली हातातले काम उरकून ते अक्षर तिथून उचलून नेते. मग पुढचे अक्षर त्याच खणात. हातातले काम म्हणून भाईदासने पाटीच्या दुसऱ्या बाजूला बेरजा घेतल्या होत्या. त्याचा हात सरावलेला, दोन अक्षरांच्या मधल्या वेळात बेरीज होऊन जाई आणि खण रिकामा होई. सगळे सुरळीत चालले होते.

एका सकाळी बेरजेच्या मध्येच त्याला खोकल्याची उबळ आली. एरवी सिंधुबाई थांबली असती. त्या दिवशी ठोके थांबले नाहीत. एक अक्षर खणात पडून होते, ते उचलायचे राहिले, आणि तोवर दुसरे आले. आज्ञावलीत लिहिले होते तसे त्याच्या हाताने सवयीने खण पुसला आणि नवे अक्षर मांडले. उबळ ओसरल्यावर त्याने पाहिले तर जो शब्द व्हायला हवा होता त्यात मधले एक अक्षर नव्हते.

भाईदास संतापला. सकाळची सगळी मेहनत वाया गेली होती. तो भिंतीकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "समोरचा माणूस खोकतो आहे एवढे तरी भान असावे. उपकरण म्हणून बसलो म्हणजे माणुसकी सोडावी असे नाही."

दारापलीकडे पळी वाटीत ठेवल्याचा आवाज झाला. मग मांजरीला सांगितलेले शब्द ऐकू आले: "मने, चुलावर दूध व्हतं. उतू जाई म्हनीसन मी घाई करी. आते तशी चूक व्हवाव नही."

ती चूक पुन्हा झाली नाही. त्या दिवसापासून भाईदासला खोकला आला की पळी थांबे. त्याने नुसता घसा खाकरला तरी थांबे. त्याने पाणी पिण्यासाठी पेला उचलल्याचा आवाज झाला, तरी पेला परत खुंटीला लागेपर्यंत पलीकडे हालचाल होत नसे. मुंबईत इंग्लंडहून आलेली उपकरणे त्याने हाताळली होती. इतके समजूतदार उपकरण त्याला कधी मिळाले नव्हते. सगळी फीत चालून झाली. एकही अक्षर गळले नाही. आज्ञावली निर्दोष आहे, असे त्याने स्वच्छ इंग्रजीत लिहिले, खाली सही केली आणि लिफाफा पाठवून दिला. संस्थेकडून आभाराचे पत्र आले. उन्हाळ्यात रुजू होण्याची तयारी ठेवावी, असे त्यात होते.

दत्तजयंतीला गावात घोड्यांची यात्रा भरली. दिवसभर टापांचा आवाज येत राही, दगडी वाटेवर एक, मऊ मातीवर दुसरा. भाईदास खोलीत ट्रंक उघडून कपडे घडी करत होता. तेवढ्यात त्याला खोकल्याचा आवाज आला. स्वतःच्या खोकल्याकडे तो आता लक्ष देत नसे, त्यामुळे घडी करतच राहिला. मग त्याने छातीवर हात ठेवून पाहिला. छाती हलत नव्हती. खोकला दारापलीकडे होता.

महिनाभर घरात तिच्या खोकल्याला सर्दीच म्हटले जात होते. मग सुकलालने तिला धुळ्याच्या इस्पितळात नेले. भाईदास एकदा तिला पाहायला गेला, वॉर्डाच्या दारातच थांबला, कारण तो दिसताच तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले. त्याही अवस्थेत तिने जेठाची लाज राखली. होळीच्या आधी ती गेली.

भाईदासने डॉक्टरांना आपला दाखला दाखवला. माझ्या थुंकीत जंतू नव्हते, हे पाहा, तारखेनिशी लिहिले आहे, असे तो म्हणाला. डॉक्टरांनी दाखला वाचला. रोग कुठून येतो हे सांगता येत नाही, माहेरीही असेल, शेतातल्या मजुरांतही असेल, असे ते म्हणाले, आणि दाखल्याची घडी घालून परत दिली. त्यांनी 'होय, तुमच्यामुळेच' असे म्हटले असते, तर भाईदासला निदान काय सोसायचे ते कळले असते.

सुकलालने एका शब्दानेही त्याला दोष दिला नाही. तो सकाळी मळ्यात जाई, दुपारी येऊन भाकरी थापी, भाईदासचे ताट मधल्या दाराशी ठेवी आणि पुन्हा जाई. मुंबईच्या देवाची चेष्टा बंद झाली. घरात बोलणेच बंद झाले.

आणि मग आवाज सुरू झाले. आवाज काही अद्भुत नव्हते. घरात आणि आळीत जे रोज होतात तेच होते. कोणी पितळी हंडा ठेवी, कोणी फळी आपटे, बैलाच्या गळ्यातली घंटा आणि गाडीचे जू एकामागून एक वाजे. फरक एवढाच की भाईदासचे कान त्या आवाजांचे पाच-पाचाचे गट करू लागले. धातू म्हणजे भोक, लाकूड म्हणजे कोरे. हंडा, फळी, फळी, हंडा, हंडा. त्याच्या इच्छेशिवाय त्याचे अक्षर होई. अक्षरांचे शब्द होऊ पाहत आणि प्रत्येक शब्दात मध्येच एक जागा रिकामी राही. तो कानांवर घोंगडी घेई. घोंगडीखाली त्याला स्वतःचे काळीज ऐकू येई, आणि तेही मोजले जाई.

आळीतल्या बाया म्हणत की सिंधुबाई दाराच्या चौकटीत राहिली आहे, म्हणून त्या घराचे लाकूड वाजते. त्या येता-जाता चौकटीकडे पाहून नमस्कार करत. भाईदासने असल्या गोष्टींचा जन्मभर तिटकारा केला होता. ज्यांचा भुतावर विश्वास असतो त्यांना निदान उतारा टाकता येतो, भगताकडे जाता येते. गणितात पहिला वर्ग मिळवलेल्या माणसाने कुठे जावे, याची सोय कोणीच केलेली नव्हती.

वैशाखात पुन्हा जाड लिफाफा आला. या खेपेला पत्राच्या सुरुवातीलाच तक्रार होती. फीत वाचणारी आज्ञावली नव्या यंत्रात बसवल्यावर अक्षरे गळू लागली होती. यंत्र दुसऱ्या कामात गुंतलेले असताना उपकरणाकडून पुढचे अक्षर येई आणि खणात पडून असलेले आधीचे अक्षर पुसले जाई. काही चुकले आहे, अशी सूचनाही यंत्र देत नसे. आपल्या तपासणीत हे कसे आढळले नाही, याचा लेखी खुलासा करावा. सुधारलेली आज्ञावली सोबत आहे, तीही तपासावी. रुजू होण्याचा निर्णय खुलासा पाहून घेतला जाईल.

भाईदासने जुनी पाटी काढली. एका जागी बसून त्याने सगळी तपासणी डोळ्यांसमोरून जाऊ दिली. यंत्र कामात गुंतले आहे आणि उपकरण थांबत नाही, अशी वेळ त्याच्या तपासणीत कधी आली होती? बेरजा तो चुटकीसरशी करी, त्यांनी त्याला कधी उशीर केला नाही. उशीर होई तो खोकल्याने. आणि खोकला आला की वाटी थांबे. ती नेहमीच तशी थांबावी, असे त्यानेच बजावले होते. फक्त एकदा ती थांबली नव्हती. सिंधुबाईला आज्ञावलीतले काही कळत नव्हते. चुलीवर दूध होते, एवढेच तिचे कारण. पण त्या एका सकाळी दारापलीकडे खरे उपकरण बसले होते. दोष पाटीवर समोर मांडून दिला होता, शब्दात गळलेली जागा दाखवली होती, आणि तपासनीसाने उपकरणालाच बोल लावला होता.

त्याने पाटी पालथी ठेवली. बाहेर कोणीतरी खुंटा ठोकत होते.

खुलासा लिहायला तो शिकलेल्या माणसाच्या सावधगिरीने बसला. पहिला मसुदा सहज उतरला: मदतनीस स्त्री अप्रशिक्षित असल्यामुळे उपकरणाच्या गतीची नक्कल काटेकोर होऊ शकली नाही. वाक्यात खोटे एकही अक्षर नव्हते. संस्थेने ते मान्य केले असते. त्या वाक्याने त्याला मुंबईला नेले असते. त्याने कागद उशीखाली ठेवला आणि सुधारलेल्या आज्ञावलीकडे वळला.

ती अधिक शहाणी होती. आलेले अक्षर ठेवण्यापूर्वी खण रिकामा आहे का ते पाहायचे. नसेल तर शेजारच्या जादा खणांत ठेवायचे. आणि तेही भरले तर उपकरणाला थांबण्याची आज्ञा द्यायची. पण तपासायला दुसरे माणूस हवेच होते. ताट ठेवायला आलेल्या सुकलालला त्याने दाराआडूनच सगळे सांगितले. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी बसस," सुकलाल म्हणाला.

"मळ्यातले काम?"

"व्हई जाई. काय करनं शे ते सांग."

"भोक असेल तर वाटी, नसेल तर चौकट. पाचानंतर एक श्वास. आणि मी खोकलो तरी थांबायचे नाही."

"तू खोकना तरी?"

"तरीही. मी काठी जमिनीवर आपटली, तरच थांबायचे. ती थांबण्याची आज्ञा आहे."

"तू मरी ऱ्हायना तरी?"

"काठी वाजेपर्यंत थांबायचे नाही."

"बरं."

सुकलालने तिची वाटी आणि पळी घेतली. त्याचा हात जड होता. ठोके कुदळीसारखे पडत. भाईदासला उबळ आली, ठोके पडतच राहिले. तो एका हाताने तोंड दाबी, दुसऱ्या हाताने अक्षर जादा खणात मांडी, श्वास मिळाला की बेरीज पुरी करी, खण रिकामे करी. जादा खण भरत आले की काठी आपटी. ठोके तत्काळ थांबत आणि काठी पुन्हा वाजली की पुन्हा सुरू होत. दया नाही, घाई नाही. एकही अक्षर गळले नाही. आज्ञावली आता खरोखर निर्दोष होती, आणि अशा तपासणीची रीत कशी असायला हवी होती हेही भाईदासला आता पुरते कळले.

फीत संपली. शेवटचे अक्षर कोणते हे भाईदासला ठाऊक होते. ते त्याने मांडले आणि पाटी खाली ठेवणार, तोच पुन्हा ठोका पडला. वाटी. वाटी. वाटी. वाटी. वाटी. एक श्वास. पुन्हा पाचही वाटीवर.

फितीवर पाचही भोके पाडण्याचा एक ठरलेला अर्थ असे. फीत तयार करताना हात चुकला तर त्या अक्षरावर पाचही भोके पाडून टाकत. यंत्राने ती ओळ पाहायची आणि काही नव्हतेच असे समजून पुढे जायचे. सुकलालला हे माहीत असणे शक्य नव्हते. तो नुसता वाटी वाजवत होता. भाईदासने नियमाप्रमाणे त्या ओळी सोडून द्यायला हव्या होत्या. त्याने सोडल्या नाहीत. एकेक ओळ तो खणात मांडत गेला. खण भरले, जादा खण भरले. आता काठी आपटायची वेळ होती. काठी त्याच्या हातातच होती. त्याने ती आपटली नाही. पाटीवर जागा उरली नाही तेव्हा तो जमिनीवर लिहू लागला.

शेवटी ठोके आपोआप थांबले. मधले दार ढकलले गेले आणि सुकलाल उंबऱ्यावर उभा राहिला. तिच्या मरणानंतर भावाचा चेहरा भाईदासने पहिल्यांदाच जवळून पाहिला.

"फीत तर केव्हाच संपली होती," भाईदास म्हणाला.

"माले मालूम शे."

"मग?"

"तू थांबाडं नही." सुकलालने जमिनीवरच्या खुणांकडे पाहिले. "तिले ते थांबाडं व्हतं ना तू?"

भाईदासने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"तिनी माले सांगं त्याच दिनले. रागे नही भरनी. हसनी. म्हने, जेठसले वाटस यंत्रनीबी पदर लेवाले जोयजे." सुकलालने वाटी उंबऱ्यावर ठेवली. "तू खोकस तवय ती दारले कान लाईसन बसे. खोकला थांबना का नही ते आयकाले. दारना फटीले कान लाईसन."

एवढे बोलून तो मळ्यात निघून गेला.

भाईदासने दाराकडे पाहिले. दोन फळ्यांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट होती. ती तिथे आहे हे त्याला नेहमीच ठाऊक होते. थंडीत त्यातून वारा येई.

दुपारी त्याने उशीखालचा मसुदा फाडला आणि नवा लिहिला. पहिल्या तपासणीच्या वेळी मदतनीस स्त्रीच्या हातून सदर दोष स्पष्टपणे उघड झाला होता. तपासनीसाने तो दोष न मानता तिचा प्रमाद मानला आणि स्वतःच्या सोयीसाठी तिला थांबण्यास भाग पाडले. चूक सर्वस्वी तपासनीसाची आहे. मदतनीस हयात नाही. सुधारित आज्ञावलीत दोष आढळला नाही. खाली त्याने सही केली. सही करताना त्याला जाणवले की संस्थेत त्याचे नाव आता प्रथमच निघणार आहे.

संध्याकाळी त्याने लिफाफा सुकलालला दिला.

"काय लिखेल शे येम्हा?"

"चूक तिची नव्हती, माझी होती, असे."

"मंग तुले मुंबई भेटी का?"

"नाही."

सुकलालने लिफाफा धोतराच्या घडीत खोचला आणि सायकल काढली. तो लिफाफा त्याने दुसऱ्या दिवसावर टाकला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला उत्तर आले. सुधारित आज्ञावली स्वीकारण्यात आली होती. प्रांजळ खुलाशाबद्दल संस्था आभारी होती. तथापि प्रकृतीची स्थिती लक्षात घेता संबंधित जागा अन्य उमेदवारास देण्यात आली होती. भाईदासने पत्र सुकलालला वाचून दाखवले, मग ते अहिराणीत सांगितले. कितीतरी वर्षांनी तो अहिराणीत बोलत होता, आणि शब्द त्याला आठवून आठवून घ्यावे लागत होते.

सुकलाल त्याच्याजवळच उंबऱ्यावर बसला होता. दार आता लोटलेले नसे. दोघे जेवत होते. आळीत कोणीतरी बंडीचे चाक ठोकून बसवत होते, आणि कुठेतरी भांडी घासली जात होती.

"तू कानवर घोंगडी लीसन झोपस. तुले आवाज येतस का?" सुकलाल म्हणाला.

"येतस."

"काय म्हनतस?"

भाईदासने घास खाली ठेवला. "समजत नही. मझार एक अक्षर कमी ऱ्हास."

सुकलालने मान हलवली, जणू हे त्याला अपेक्षितच होते.

"मालेबी येतस," तो म्हणाला, आणि दोघांची ताटे उचलून आत गेला.